मदत हवी आहे: क्यूओएसमध्ये अपलोड जमलं, डाउनलोडचं कोडं सुटत नाही

मंडळी, सध्या क्वालिटी ऑफ सर्व्हिस (क्यूओएस), म्हणजे नेटवर्कवर कोणत्या ट्रॅफिकला आधी वाट द्यायची ते, शिकतोय. थिअरी बऱ्यापैकी डोक्यात शिरली आहे: इंटसर्व्ह पद्धतीत आरएसव्हीपी या प्रोटोकॉलने प्रत्येक फ्लोसाठी (एका संवादाच्या पॅकेटच्या ओघासाठी) जागा राखायची, डिफसर्व्ह पद्धतीत नुसतं आयपी हेडरमधल्या ६ बिटांवरून पॅकेटचा वर्ग ठरवायचा, आवाजासाठी सहसा ईएफ (तातडीने पुढे पाठवायचा वर्ग), म्हणजे त्या बिटांत ४६.

गाडी अडलीय प्रत्यक्षात. लिनक्स राउटरवर व्हॉइसच्या पॅकेटना ४६ लावून प्रायॉरिटी क्यू दिली, तरी मोठा अपलोड सुरू झाला की आवाज तुटतोच. टीसीने (लिनक्सचं ट्रॅफिक आवरायचं टूल) अपलोडचा वेग लाइनच्या क्षमतेच्या जरा खाली, साधारण ९० टक्क्यांवर बांधला की लगेच सुरळीत! म्हणजे रांग मोडेममध्ये साचत होती, ती आता माझ्या ताब्यात आली. इथपर्यंत पटतं.

पण डाउनलोडचं काय? तिथली रांग तर पलीकडे, प्रोव्हायडरकडे. जास्तीची पॅकेट इकडे पोलिसिंगने टाकून दिली तर टीसीपी (पॅकेट हरवली की वेग कमी करणारा प्रोटोकॉल) मंदावेल हे मान्य, पण असा स्वतःहून न मंदावणाऱ्या यूडीपीचा मारा असेल तर? आयएफबीवर (येणारा ट्रॅफिक वळवून घ्यायचा लिनक्सचा आभासी इंटरफेस) शेपिंग करणं, म्हणजे पॅकेट रांगेत थांबवून ठरल्या वेगाने सोडणं, पोलिसिंगपेक्षा खरंच सरस ठरतं का?

शिवाय ४६ वाटेतच पुसला जातोय का, हे तपासायला दोन्ही टोकांना वायरशार्क (पॅकेट उघडून बघायचं टूल) लावण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का? कोणी करून बघितलं असेल तर कॉन्फिग टाका, प्लीज. व्याख्या पुरे झाल्या.