कंपनीतल्या वकिलांचा सल्ला गोपनीय का नाही?

कंपनीत नोकरी करणाऱ्या वकिलांची युरोपीय संघटना, म्हणजे एक्ला, ही नुसती ओळखीपाळखी वाढवायची जागा आहे, हे मत मला अजिबात पटत नाही. अक्झो नोबेल या रसायन कंपनीचं प्रकरण बघा. 2003 मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, स्पर्धा कायद्याखाली (कंपन्यांची संगनमतं, मक्तेदारी रोखणारा कायदा) कंपनीच्या ब्रिटनमधल्या कार्यालयाची झडती घेतली. तिथे सापडलेल्या दोन ईमेल एका व्यवस्थापकाच्या आणि कंपनीतल्याच वकिलाच्या होत्या. हा वकील नेदरलँड्सच्या बारचा, म्हणजे वकील परिषदेचा, रीतसर सदस्य, तरीही त्याच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचं संरक्षण नाही, असं युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं. कारण काय, तर पगारी माणूस बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र नसतो! त्याच न्यायालयाच्या 1982 च्या एएम अँड एस निकालातलीच ही भूमिका. अक्झो नोबेलच्या खटल्यात एक्ला हस्तक्षेपक, म्हणजे बाजू मांडणारा त्रयस्थ पक्ष, म्हणून उभी राहिली होती.

माझ्या मते हा निकाल चुकीचाच. लेखी सल्ला उद्या आपल्याच विरुद्ध वापरला जाईल या भीतीने व्यवस्थापक वकिलाला विचारायचंच टाळतात. बेल्जियमने 2000 च्या कायद्याने तिथल्या कंपनी वकिलांच्या सल्ल्याला गोपनीयता दिली, पण आयोगाच्या झडतीत तिचा उपयोग नाही. देशोदेशीचे नियम असे वेगळे असताना, एक्लासारखी संघटना नसेल तर एकेकट्या वकिलाचं कोण ऐकणार?