मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या दोन घोड्यांच्या बचावात (टू नाइट्स डिफेन्स या सुरुवातीत) उंट डी3 वर आला की काय खेळावं?

नमस्कार मंडळी,

ब्लिट्झमध्ये (झटपट डाव: 3 मिनिटं, दर चालीला 2 सेकंद जादा) काळ्या मोहऱ्यांनी मी एकाच ठिकाणी वारंवार अडकतोय. (मोहऱ्याचं नाव नाही तिथे प्याद्याची चाल समजा.) ई4 ई5, घोडा एफ3 घोडा सी6, उंट सी4 घोडा एफ6, आणि समोरचा लगेच घोडा जी5. मी डी5 करतो. त्याने प्यादं मारल्यावर घोड्याने परत मारायचं नाही, हे एफ7 वर पुरेसा मार खाऊन शिकलोय. म्हणून घोडा ए5, उंट बी5 शह, सी6, मग तिथे प्याद्यांची मारामारी.

इथवर ठीक. पांढऱ्याचा उंट ई2 वर गेला तर एच6, मग ई4 करत त्याच्या घोड्याला पळवता येतं. एक प्यादं गेलं तरी डाव माझ्या हातात असतो, आणि ते मला मनापासून आवडतं.

पण हल्ली बरेच जण उंट डी3 वर नेतात. दिसायला विचित्र चाल, स्वतःचंच डी प्यादं अडतं! पण माझ्या प्याद्याचा ई4 चा धक्का बंद होतो, आणि एच6 केलं की त्याचा घोडा आरामात ई4 वर बसतो. परवा स्पर्धेत इथेच 50 सेकंद घालवले आणि शेवटी वेळ संपून हरलो.

घोडा डी5 करून वजिराचा मारा जी5 वर उघडावा, हे पटतं. त्याचा घोडा एफ3 वर परतला तर माझा उंट डी6, पुढे माझा घोडा एफ4. पण त्यानंतर नेमका बेत काय? ए5 वरचा घोडा कधी परत आणायचा? की ब्लिट्झपुरतं तिसऱ्या चालीलाच उंट सी5 खेळून हे सगळं टाळावं?

कोणी हे नियमित खेळत असेल तर कृपया सांगा. रविवारी पुढची स्पर्धा आहे.