मदत हवी आहे: भाच्याच्या मेंदूत नवीन नसांचं जाळं निघालंय, ते सुकवायचं औषध कोणतं?

शहादेकर_मामा
अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. भाच्याचा एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये लिहिलंय की मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार झालंय आणि पुढे मोयामोया का काय ते लिहिलंय. डॉक्टर बोलले मुंबईला दाखवा, अजून काही विचारणार तेवढ्यात पुढच्या पेशंटला आवाज दिला. माझं एकच विचारणं आहे, नको तिथे वाढलेल्या नसा सुकवायची गोळी किंवा इंजेक्शन असतं की नाही? आणि हा कॅन्सर आहे का ते स्पष्ट सांगा. बहीण दोन दिवसांपासून जेवलेली नाही. ज्यांना माहितीये त्यांनीच बोला, काळजी घ्या वाले नको.

भुसावळ_जंक्शन
वय किती? त्रास काय होतो? एमआरआय कशासाठी काढला? बठ्ठं एकदाच सांगा ना भाऊ, नाहीतर इथे सगळे अंदाजपंचे बोलतील.

केळीबाग_रावेर
इंजेक्शन आहे. बेव्हॅसिझुमॅब. माझ्या काकांना मेंदूत ग्लायोब्लास्टोमा (कॅन्सरची गाठ) होता तेव्हा हेच दिलं होतं, नवीन नसा वाढणं थांबवतं, गाठीचा रक्तपुरवठा तुटतो. महाग आहे पण मिळतं. काकांची सूज पहिल्या दोन डोसमध्येच उतरली होती. मुंबईला गेल्यावर डॉक्टरला नाव घेऊन विचारा, ते स्वतःहून सांगत नाहीत.

शहादेकर_मामा
धन्यवाद रावेरवाले, हेच पाहिजे होतं. वय सात. मधूनच उजवा हात लुळा पडतो, बोलणं बोबडं होतं, दहा-पंधरा मिनिटांत परत नीट, खेळायला पळतो. आधी एकाने फिट सांगून गोळ्या दिल्या, दुसरा बोलला पोरगा शाळा बुडवायला नाटक करतो. इंजेक्शन किती रुपयांना बसतं?

वैद्यबुवा_अमळनेर
सात वर्षांच्या पोराला कसली इंजेक्शनं देताय. वात आहे हा. शिरोधारा आणि नस्य सुरू करा, तीन महिन्यांत फरक. माझ्या पायाच्या फुगलेल्या नसा अशाच गेल्या.

भुसावळ_जंक्शन
बुवा, पायाच्या नसा आणि मेंदूच्या नसा एक कशा झाल्या?

फळा_खडू_धुळे
मामा, ते इंजेक्शन डोक्यातून काढून टाका. मी डॉक्टरकी करत नाही, मेडिकलच्या पोरांना बरीच वर्षं शरीररचना शिकवली, म्हणून एवढं ठामपणे लिहिते. हा कॅन्सर नाही. आणि ज्याला तुम्ही रोग समजताय ते जाळं हा मूळ रोग नाही, मेंदूने स्वतः केलेली पर्यायी सोय आहे.

गर्भात सुरुवातीला मेंदूला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आधी बाहेरून वेढा पडतो, मग त्या वेढ्यातून कोंब फुटून आत शिरतात. कुठे शिरायचं हे भुकेली जागा ठरवते, म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि कोंबाचं टोक त्या बाजूला सरकतं. मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ही मागणी दांडगी असते. मोठेपणी हे काम जवळजवळ बंद असतं. ते परत चालू होतं ते अडचणीत, आणि अडचणी दोन तऱ्हेच्या. गाठ असली तर गाठच असा काही पदार्थ सोडून स्वतःकडे नसा ओढून घेते, हे फोकमन नावाच्या सर्जनने १९७१ मध्ये मांडलं आणि रावेरवाल्यांच्या काकांचं इंजेक्शन त्याच विचारातून आलं. मोयामोयात उलटं असतं. मानेतून वर येणारी मोठी धमनी मेंदूच्या तळाशी आतून हळूहळू अरुंद होत बंद पडत जाते, मग उपाशी मेंदू बारीक नसा वाढवून कसंबसं रक्त मिळवतो. आमच्या पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या सामायिक शेतीत, मुख्य पाट गाळाने भरला तर माणसं बाजूने चार चाऱ्या खणतात. तुम्ही विचारताय त्या चाऱ्या बुजवायचं औषध आहे का.

केळीबाग_रावेर
मॅडम मी पण माहिती नसताना बोललो नाही, सहा महिने काकांना घेऊन फिरलोय. नवीन नसा वाढल्या, त्या थांबवायचं औषध आहे, इतकंच बोललो.

फळा_खडू_धुळे
तुमच्या फिरण्याबद्दल आदर आहे. पण सूज उतरणं वेगळं आणि आयुष्य वाढणं वेगळं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमात त्या औषधाने एकूण आयुष्य वाढलं नाही. आणि इथे तर आजारच दुसरा, ते औषध म्हणजे पोराचा उरलासुरला रक्तपुरवठा तोडायचा धोका.

केळीबाग_रावेर
काका चार महिने बोलते होते त्या इंजेक्शनवर. चाचण्या तुमच्याकडे ठेवा.

शहादेकर_मामा
भांडू नका, माझं राहून जातंय. त्या नसा फुटणार तर नाहीत ना? मोयामोया म्हणजे काय? आणि गोळी नाही तर करायचं काय?

फळा_खडू_धुळे
मोयामोया हा जपानी शब्द, विरत जाणारा धूर. अँजिओग्राफीत ते जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं म्हणून सुझुकी आणि ताकाकु यांनी १९६९ मध्ये हे नाव दिलं. फुटायचं म्हणाल तर या नसा नाजूक असतात, फुटून रक्तस्राव होतो तो जास्त करून मोठ्या माणसांत. लहान मुलांत मुख्य भीती रक्त कमी पडून लकवा मारण्याची, आणि हात लुळा पडून परत येतो ना, ती त्याचीच सूचना. म्हणून थांबू नका.

उपाय ऑपरेशनचा. कानापुढे बोट ठेवा, ठोका लागतो ना, त्या धमनीची एक फांदी सोडवून मेंदूच्या पृष्ठभागावर बसवतात. लहान मुलांत पुष्कळदा नस नसेला जोडतसुद्धा नाहीत, नुसती ठेवून शिवतात. काही महिन्यांत तिच्यातून आपोआप कोंब फुटून मेंदूत शिरतात, बाहेरून आत, गर्भात झालं होतं तसंच. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझाच आवाज बदलायचा. पण बंद पडलेली धमनी त्याने उघडत नाही, आणि ऑपरेशन करायचं की नाही ते न्यूरोसर्जन अँजिओ बघून ठरवतील.

लॅबताई_धडगाव
मामा दोन गोष्टी विचारते. हात नेमका कधी लुळा पडतो, रडताना किंवा फुंकताना का? आणि पोराची सिकल सेलची तपासणी झालीय का?

शहादेकर_मामा
अरे हो! पहिल्यांदा झालं ते भोंगऱ्या बाजारात, मीच पिपाणी घेऊन दिली होती, दिवसभर वाजवत बसला आणि संध्याकाळी हातातून पिपाणी गळून पडली. नंतर रडला की होतं. आणि सिकल तर आहेच, कार्ड आहे त्याचं, लहानपणापासून हातपाय दुखतात, दोनदा रक्त चढवलंय. पण तो रक्ताचा आजार, हा मेंदूचा. त्याचा काय संबंध?

भुसावळ_जंक्शन
डोक्याला हात लावला मी. हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं की नको?

लॅबताई_धडगाव
संबंध आहे मामा, तिथेच सगळी मेख असू शकते. सिकलमध्ये पेशी विळ्यासारख्या होतात हे तुम्हाला माहिती आहेच, पण त्या नुसत्या हाडात अडकत नाहीत, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर पण खराब करतात, ती अरुंद होते आणि मग बाईंनी सांगितलं तसं जाळं वाढतं. सिकलच्या मुलांचा डोक्यावरून डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करतात, रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा वर गेला तर लकव्याचा धोका मोठा धरतात. १९९८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त देत राहिल्यावर पहिला लकवा येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आपल्याकडे विळ्यासारख्या पेशी सापडल्या की कार्ड मिळतं, डॉप्लरपर्यंत कितीजण पोचतात ते मी रोज बघते, बोलत नाही.

मुंबईला सगळ्यात आधी ते कार्ड दाखवा. भूल देणाऱ्याला तर सांगाच, ऑपरेशन ठरलं तर आधी रक्त द्यावं लागतं. सिकलची गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, चालू आहे का?

शहादेकर_मामा
गोळी चालू होती, संपली तेव्हापासून आणली नाही. एमआरआयवाल्या डॉक्टरला सिकलचं बोललोच नाही, त्यांनी विचारलं पण नाही. मुंबईलाच का, सुरत आम्हाला जवळ पडतं, ताप्ती लाइनने सरळ.

भुसावळ_जंक्शन
आयुष्मान कार्ड बाहेरच्या राज्यात चालतं, पण हॉस्पिटल पॅनलवर पाहिजे आणि हे ऑपरेशन तिथे होत असलं पाहिजे, आधी फोन करा. मुंबईला केईएमला न्यूरोसर्जरी पण आहे आणि रक्ताचे डॉक्टर पण, तुमच्या केसला दोन्ही एका आवारात लागतील.

वैद्यबुवा_अमळनेर
सुरतला गेलात तर येताना नंदुरबारची मिरची बघा, यंदा भाव कसा आहे?

फळा_खडू_धुळे
बुवा, वेळ बघा काहीतरी.

मामा, जाईपर्यंतचं ऐका. जोरात फुंकलं किंवा हुंदके देऊन रडलं की श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या नसा आवळतात, आधीच पाणी कमी असलेल्या चारीचं तोंड अजून बारीक होतं. म्हणून हात जातो. पिपाणी बंद, फुगे बंद, गरम भाकरीवर फुंकर नको, गार करूनच द्या. पाणी भरपूर पाजा, या उन्हात तर जास्तच, सिकललाही तेच लागतं. कुणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन सुरू किंवा बंद करू नका, तिथे विचारा. आणि हात पंधरा मिनिटांत आला तरी, नाही आला तरी, पुढच्या वेळी घरी वाट बघत बसू नका, तडक दवाखाना.

शहादेकर_मामा
सोमवारी निघतोय, दाजी पण येताहेत. कार्ड आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाकले. गोळीचं उद्या आरोग्य केंद्रात विचारतो.

पण एक नवीनच झालंय. पिपाणी काढून घेतली तर तो रडायला लागला, आणि रडला की हात जातो. परत दिली तर फुंकतो. आता काय करू?

लॅबताई_धडगाव
ढोलकी घेऊन द्या.