आधी थांब्यांची यादी, मग अ‍ॅप

नागपुरात बस आणि मेट्रोचं मिळून एकच अ‍ॅप काढलं की प्रवाशांची अडचण सुटेल, असं म्हटलं जातं. माझ्या मते खरी अडचण त्याच्या आधीची आहे. आपल्या नागपूरच्या बर्डीचंच बघा: कुणी सीताबर्डी लिहितं, इंग्रजीत सीताबुल्डी होतं, आपण नुसतं बर्डी म्हणतो. माणसाला कळतं, संगणकाला हे तीन वेगळे थांबे वाटतात. मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन मी अ‍ॅपने दाखवलेल्या जागी उभा होतो. थांबा निघाला रस्त्यापलीकडे, आणि बस डोळ्यांदेखत गेली.

यावरचा उपाय जुनाच आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या सार्वजनिक वाहतूक संस्थेने गुगलसोबत सुरू केलेला, थांबे आणि वेळापत्रकांची माहिती लिहायचा ठरावीक नमुना आज जीटीएफएस म्हणून जगभर वापरतात. साध्या मजकुराच्या फायली, बस्स! प्रत्येक थांब्याला स्वतंत्र क्रमांक आणि अक्षांश-रेखांश. समोरासमोरच्या थांब्यांनाही वेगवेगळे. मेट्रोतून उतरून बस गाठायला किमान किती वेळ लागतो, तेही त्यात नोंदवता येतं. आपली बस आणि मेट्रो, दोघांनी अशा फायली खुल्या ठेवून वेळापत्रक बदललं की लगेच सुधारल्या, तर अ‍ॅप आपली पोरंही बनवतील.