प्रतिसाद: सिंगापूरची व्याख्यानं डब्याच्या वेळेला येतात

वर ठाण्याच्या एका सदस्याने लिहिलंय की अमेरिकी विद्यापीठांच्या आग्नेय आशिया केंद्रांची व्याख्यानं ऑनलाइन असली तरी आपल्याकडे मध्यरात्री येतात, म्हणून आगामी कार्यक्रमांची यादी बघण्यातही अर्थ नाही. कॅलिफोर्नियापुरतं मान्य. बर्कलीतले दुपारचे १२ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. सकाळची लोकल पकडणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. पण अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या केंद्राची ‘फ्रायडे फोरम’ ही व्याख्यानमाला शुक्रवारी दुपारी असते. तिथले १२ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, पुढे शनिवारची सुट्टी. फक्त नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग मार्चपर्यंत साडेअकरा धरायचे.

शिवाय सगळे अमेरिकेकडेच का बघताय? सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, जपानमधलं क्योटो साडेतीन. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या आशिया संशोधन संस्थेचा दुपारी ४ चा कार्यक्रम म्हणजे इथे दीड. ऐरोलीच्या ऑफिसात डबा खाता खाता मी असे बरेच ऐकलेत (कॅमेरा बंद ठेवून, अर्थात). आणि विषय परके वाटत असतील तर आठवा, २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा आपल्या किराण्याच्या दुकानातही तीच चर्चा होती. नावनोंदणी मात्र आधी करा, दुवा बहुधा ईमेलवरच येतो. नंतर रेकॉर्डिंग बघू म्हणून बसू नका, अप्रकाशित संशोधन असेल तर वक्ते कधीकधी ते टाकूच देत नाहीत.