मदत हवी आहे : आरसीएस या चॅट-संदेश सेवेची इतर ऑपरेटरांशी आंतरजोडणी थेट करावी की हबमार्फत (अनेक ऑपरेटरांना जोडणाऱ्या मध्यस्थामार्फत)?

नमस्कार. आमच्या मोबाइल नेटवर्कवर आयएमएस (इंटरनेट पद्धतीने कॉल व संदेश हाताळणारी यंत्रणा) आधीपासून कार्यरत असून, जीएसएमए या मोबाइल ऑपरेटरांच्या संघटनेच्या युनिव्हर्सल प्रोफाइल या सामायिक मानकानुसार आरसीएस सुरू करण्याची तयारी चालू आहे. आमच्याच ग्राहकांमधील चॅट सुरळीत चालते. अडचण दुसऱ्या ऑपरेटरकडे संदेश पाठवताना येते : समोरचा क्रमांक पोर्ट झालेला (तोच क्रमांक ठेवून ऑपरेटर बदललेला) असेल, तर समोरच्याकडे आरसीएस चालते का हे तपासणारी सिप ऑप्शन्स विनंती जुन्याच ऑपरेटरकडे जाते, तिथून नकार येतो आणि संदेश साध्या एसएमएसने जातो. यावर ईनमचा शोध (क्रमांक सध्या कोणत्या ऑपरेटरकडे आहे, हे पाहणे) आपल्याच नेटवर्कमध्ये ठेवावा, की प्रत्येक ऑपरेटरशी स्वतंत्र एनएनआय (दोन नेटवर्कमधील थेट दुवा) जोडण्याऐवजी तो हबवरच सोपवावा? जोडण्या आटोक्यात राहतात म्हणून माझा कल हबकडे आहे. मात्र बिघाड नेमका कोणाच्या हद्दीत झाला, हे तेव्हा कसे शोधता? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.