शब्दचर्चा: 'ही बी वर्किंग' हे चुकीचं इंग्रजी आहे का?

माझी पुतणी आठवीत आहे, इथं नागपुरात धरमपेठला ट्यूशनला जाते. तिनं वहीत 'आय डोन्ट नो नथिंग' लिहिलं तर मॅडमनी लाल पेननं खोडून खाली लिहिलं, दोन नकार म्हणजे होकार. ती म्हणते काका, अमेरिकेतले लोक बोलतात मग चूक कसं? काय सांगू तिला?

—

परीक्षेत खोडणं बरोबरच आहे दादा, तिथं स्टँडर्डच लिहावं लागते. पण कारण चुकीचं सांगितलं, ते बीजगणित झालं. 'आय डोन्ट नो नथिंग' ऐकून कोणाला वाटते का की याला सगळं येते? चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या काळात एका वाक्यात दोन-तीन नकार चालत, शेक्सपिअरमध्येही सापडतात. शिकलेल्यांच्या लिखाणातून ते हळूहळू कमी झालं आणि अठराव्या शतकात लाउथसारख्या व्याकरणकारांनी त्यावर नियमाचा शिक्का मारला.

—

वरच्यांना अनुमोदन. मला जास्त आवडते ते शीर्षकातलं 'बी', म्हणजे इंग्रजीतलं be. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीत 'ही इज वर्किंग' म्हणजे तो आत्ता काम करून राहिला, आणि 'ही बी वर्किंग' म्हणजे तो नेहमी काम करत असते, भले आत्ता घरी झोपला का असेना. तिकडे लहान मुलांना 'सेसमी स्ट्रीट' या टीव्ही कार्यक्रमातल्या बाहुल्यांचं एक चित्र दाखवलं होतं, सारखा कुकी खाणारा कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय आणि एल्मो कुकी खाऊन राहिला. 'हू इज ईटिंग कुकीज' विचारलं तर सगळे एल्मो म्हणाले, पण 'हू बी ईटिंग कुकीज' विचारलं की ही बोली घरात बोलणारी मुलं बहुतेक कुकी मॉन्स्टर म्हणाली, कारण रोज खाणारा तोच! म्हणजे स्टँडर्डमध्ये ज्याला वेगळं रूपच नाही तो फरक या बोलीत एका शब्दात येते, आणि त्याला लोक अडाणी इंग्रजी म्हणतात.

आपल्या नागपुरी बोलीचंही तेच आहे न. मी पुण्यात होस्टेलला होतो तेव्हा 'काय करून राहिला बे' म्हटलं की रूममधले हसायचे, म्हणायचे ही हिंदी आहे, मराठी नाही. हिंदीच्या 'कर रहा है' शी सांगड आहेच, कोण नाही म्हणते, पण रूप पक्कं आहे, 'करून राहिलो, करून राहिली, करून राहिले' बरोबर चालते, इथं कोणी 'करून राहते काल' म्हणत नाही, म्हटलं तर सीताबर्डीवरचा पोरगाही टोकेल.

—

धन्यवाद दोघांना. कुकीवालं चित्र आज रात्रीच तिला सांगतो, मॅडमना दाखवायला वहीत लिहून नेईल म्हणते.